छायाचित्रांतील इमारत आणि उन्हांतील इमारत

नवीन वास्तुकलेविषयीं आमच्या सुशिक्षित घरांतून एक चमत्कारिक विसंगति दिसून येते. एखाद्या चित्रसंग्रहांत सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीचें छायाचित्र आलें म्हणजे 'काय सुबक रेषा आहेत!' असे उद्गार निघतात. परंतु त्याच पिढीची, त्याच जातीची इमारत आपल्या गल्लींत उभी असली तर तिच्याकडे कोणी मान वर करून पाहत नाहीं. उलट ती जुनाट पेटी केव्हां एकदां पडते, याचीच वाट पाहिली जाते. एकच वस्तु कागदावर सुंदर आणि रस्त्यावर कुरूप कशी ठरावी? आमच्या मतें हा दोष वस्तूचा नव्हे. ज्या चित्रांनीं आमची दृष्टि घडविली, त्या चित्रांचा आहे. प्रस्तुत लेखांत त्यांचेंच थोडें परीक्षण करावयाचें आहे.

प्रथम छायाचित्राचें ऋण मान्य केलें पाहिजे. धुळ्याहून आग्रा रोडनें उत्तरेस निघालें म्हणजे पुढें इंदूर लागतें. तेथें दुसरे यशवंतराव होळकर यांनीं १९३० ते १९३३ या काळांत एकार्ट मुथेसिउस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून माणिकबाग हा राजवाडा सजवून घेतला. कमानी नाहींत, घुमट नाहींत, नक्षीकाम नाहीं. सरळ भिंती, धातु, कांच आणि योजून सोडलेला प्रकाश, एवढेंच तेथील वैभव. पुढें राज्यें गेलीं, १९८० मध्यें तेथील सामानाचा मोनॅको येथें लिलांव झाला आणि वाडा सरकारी कचेरीकडे गेला. आज ते दिवाणखाने जसे होते तसे पाहावयाचे असतील तर त्या काळच्या छायाचित्रांखेरीज गति नाहीं. दिल्लीस राज रेवल यांनीं १९७२ मध्यें उभारलेलें 'हॉल ऑफ नेशन्स' हें भव्य प्रदर्शनगृह एप्रिल २०१७ मध्यें पाडण्यांत आलें. तेंही आतां चित्रांतच उरलें आहे. अशा वेळीं छायाचित्र म्हणजे केवळ शोभेची वस्तु नव्हे, तो दस्तऐवज होय.

परंतु दस्तऐवज खोटाही असूं शकतो. आमच्या खानदेशांत चाळीसगांव येथें केकी मूस (१९१२-१९८९) नांवाचे थोर छायाचित्रकार होऊन गेले. घराबाहेर क्वचितच पडणारा हा कलावंत मेजावर लहानसहान वस्तु मांडून त्यांचीं अशीं चित्रें घेई कीं, पाहणाऱ्यास तो एखादा विस्तीर्ण देखावाच वाटावा. मूस यांनीं तें कौशल्य कौशल्य म्हणूनच लोकांपुढें मांडलें, म्हणून तें कलेच्या पदवीस पोंचलें. इमारतींचीं चित्रें घेणारे पुष्कळ जण तेंच करतात, पण बोलत मात्र नाहींत. पहांटेची कोंवळी वेळ गांठावयाची, माणसें दूर करावयाचीं, दोरीवरचीं धोतरें काढावयास लावावयाचीं आणि खालून तिरका कॅमेरा धरून दुमजली घरास गगनचुंबी करून सोडावयाचें! असें चित्र पाहून आपण ज्याची स्तुति करतों, ती इमारत नसून तिचा पुतळा असतो.

वास्तविक नव्या वास्तुकलेचें मर्म पुतळ्यासारख्या आकारांत नाहीं. १९३७ मध्यें गजानन बाबूराव म्हात्रे यांनीं बांधलेला 'सूना महाल' मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर आहे. त्या काळच्या तशा इमारतींना २०१८ मध्यें जागतिक वारशाचा मान मिळाला, हें वाचकांस स्मरत असेलच. त्या इमारतींच्या खिडक्यांवरून जे आडवे छज्जे धांवतात, ते चित्रांत नुसत्या डौलदार रेषा दिसतात. पण त्यांचें मूळ काम ऊन व पाऊस अडविण्याचें. चार्ल्स कोरिया यांची, १९८३ मध्यें पूर्ण झालेली 'कांचनजंगा' पाहा. मुंबईंत वारा आणि समुद्राचें दर्शन ज्या पश्चिमेकडून मिळतें, तिकडूनच दुपारचें ऊन आणि पावसाची झड येते. जुन्या बंगल्यांनीं हा पेंच पडवीनें सोडविला होता. कोरियांनीं ती पडवी उचलून आकाशांत नेली आणि कोपऱ्याकोपऱ्यांतून उंच गच्च्या कोरल्या. छायाचित्रकार त्या कोपऱ्यांची रंगीत पोकळी टिपतात. पोकळीचें कारण टिपीत नाहींत.

कारण टिपतां येतें काय? येतें, आणि त्याचा प्रत्यय आम्हांस धुळ्यास आला. आमच्या एका स्नेह्यांचें तेथील नंबरांच्या गल्ल्यांपैकीं एकींत घर होतें. दर्शनी भिंतीवर सिमेंटांत १९४८ हें साल उठविलेलें, दक्षिणेस तोंड आणि खिडक्यांवर सलग दोन फुटांचा छज्जा. भावांनीं वांटणी करून घर पाडावयाचें ठरविलें, तेव्हां आठवणीखातर चित्र घ्यावें म्हणून आम्हांस बोलावणें आलें. आम्हीं रीतीप्रमाणें पहांटेचें एक चित्र घेतलें. तें छान आलें आणि कोणासही आवडलें नाहीं. मग मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत भर दुपारीं दुसरें घेतलें. त्या दिवसांत धुळ्यास मध्यान्हीं सूर्य अगदीं डोक्यावर येतो. त्यामुळें छज्जाची सावली पायथ्यापर्यंत पसरून सारी भिंत झांकली गेली होती. डिसेंबरांत तिसरें घेतलें. तेव्हां मध्यान्हींचा सूर्य दक्षिणेकडे सुमारें पंचेचाळीस अंशांवर उतरतो. दोन फुटांच्या छज्जाची सावली भिंतीवर दोनच फूट पडली होती, आणि खिडकींतून ऊन थेट घरांत फरशीवर आलें होतें. तीं दोन चित्रें शेजारीं ठेवून स्नेह्यांच्या वृद्ध मातोश्रींना दाखविलीं. फरशीवरच्या उन्हाच्या चौकोनावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "भाऊ, ही माझी धान्य निवडायची जागा. थंडींत मी इथून हलत नसें." साठ वर्षें ज्या गवंड्याचें नांव कोणीं विचारलें नव्हतें, त्याची परीक्षा त्या एका वाक्यानें झाली. घर पुढें पडलें; तीं दोन चित्रें राहिलीं.

यावरून आम्ही छायाचित्रकारांपुढें साधी कसोटी ठेवतों. एका चित्रानें इमारत कळत नाहीं. उन्हाळ्याचें एक व हिंवाळ्याचें एक, अशीं निदान दोन हवींत, आणि दोहोंत माणूस हवा. जळगांवच्या महापालिकेची सतरा मजली इमारत सर्वांच्या परिचयाची आहे. तिचें चित्र घेणारे बहुधा तिच्या उंचीवर लुब्ध होतात. त्यांनीं एखादे दिवशीं वैशाखांत दुपारीं चार वाजतां तिच्या पश्चिमेस उभें राहावें. कलत्या उन्हापुढें छज्जाचें कांहीं चालत नाहीं. तेथें जाळी, पडदी किंवा खोल गच्चीच हवी. कोणत्या खिडक्या उघड्या आहेत, कोणत्या पुठ्ठ्यांनीं बुजविल्या आहेत आणि रांगेंतील लोक कोठें सावली शोधीत आहेत, हें टिपावें. मग तें चित्र स्तुति करो वा निंदा, तें खरी टीका होईल.

कोणी म्हणेल, 'गच्ची गळते, भाऊ वाढले, भाडें येत नाहीं; तेथें रसग्रहण काय कामाचें?' हा आक्षेप खरा आहे. घर राखणें परवडत नाहीं म्हणून तें पाडणाऱ्यास आम्ही दोष देणार नाहीं. परंतु पाडतांना आपण काय पाडीत आहों हें ठाऊक असावें, एवढेंच आमचें म्हणणें. आमच्या स्नेह्यांच्या जागीं आतां चार मजले उभे आहेत. दर्शनी भाग निळ्या कांचेचा आहे, त्यास छज्जा नाहीं आणि मे महिन्यांत दुपारीं तेथें पडदे ओढून दिवे लावावे लागतात. जुनें घर गेलें याचें दुःख थोडें. त्याच्याबरोबर दोन फुटांचें शहाणपणही गेलें याचें दुःख अधिक.

म्हणून ज्यांच्या घरावर असें जुनें साल उठविलेलें असेल, त्या वाचकांस आमची विनंति आहे कीं, येत्या मे महिन्यांत भर दुपारीं त्यांनीं एकदां रस्त्यावर उभें राहून आपल्याच घराकडे पाहावें, आणि सावली कोठवर पोंचते तें पाहून मगच कॅमेरा उघडावा.