वारूळ आणि शिल्प : 'लज्जागौरी' पुन्हा वाचताना

डॉ. रा. चिं. ढेरे यांचा 'लज्जागौरी' हा ग्रंथ १९७८ साली प्रसिद्ध झाला. शासकीय सेवेत असताना तो मी घाईघाईने वाचला होता. निवृत्तीनंतर सावकाश वाचला, आणि या वेळी पेडण्याचा रहिवासी म्हणून वाचला.

मस्तकाच्या जागी कमळ असलेली, उत्तानपाद बैठकीतील ही देवी आली कोठून, हा जुना वाद आहे. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी तिचा माग इजिप्तमधील 'बाउबो' मृण्मूर्तींपर्यंत नेला. रोमन व्यापाराच्या वाटेने ती दख्खनेत आली, असा त्यांचा तर्क. या मृण्मूर्तींशी अभ्यासक बास्तेत या मार्जारमुखी देवीच्या यात्रेचा संबंध जोडतात. हिरोडोटसने इ. स. पू. पाचव्या शतकात तिचे वर्णन केले आहे. स्त्रीपुरुष होड्यांतून बुबास्टिसला निघत, बायका खुळखुळे वाजवीत, पुरुष पावे. वाटेत गाव लागला की होडी काठाला लावून काहीजणी तेथील स्त्रियांची टवाळी करीत, नाचत, वस्त्रे वर उचलीत. शिमग्यात जिभेला मिळणारी मोकळीक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचे फारसे नवल वाटू नये.

परंतु साम्य म्हणजे नाते नव्हे. स्वतः सांकलियांचा सहभाग असलेल्या इनामगावच्या उत्खननात मातीच्या पेटीत एक शिरहीन स्त्रीमूर्ती सापडली. तिचा काळ इ. स. पू. सुमारे १३००. बैठक निराळी आहे हे मान्य. पण रोमन जहाजे तेव्हा होती कोठे?

ढेरे यांचे मोठेपण असे की, ते शिल्पापाशी थांबत नाहीत. रेणुका, वारूळ आणि आपली सांतेरी यांना शेजारी बसवून ते या सर्वांत भूमीचेच रूप पाहतात. व्युत्पत्तींवर त्यांनी नको तेवढा भार टाकला आहे, असे मला वाटते. पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. त्यांच्या विवेचनात वारूळ हे प्रतीक ठरते. आमच्याकडे रोयण प्रतीक नव्हे, तीच देवी. शिल्प घडविता येते, त्यावर नाव घालता येते; नागार्जुनकोंड्याच्या मूर्तीवर महादेवी खंडुवुला या राणीचे नाव आहेच. रोयण वाळवी बांधते. ती वाढते, एका अंगाला कलते, आणि पूजा करणाऱ्याला तिच्या कलाने गाभाऱ्यात वावरावे लागते.

बार्देशातील देवळे सोळाव्या शतकातच मोडली गेली. पेडणे सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेले ते १७८८ साली. म्हणून आपल्या रोयणी जागच्या जागी राहिल्या. त्यांच्याविषयी लिहिताना भूतकाळ वापरण्याचे कारण नाही.

काही वर्षांपूर्वी तालुक्यातील एका गावी जीर्णोद्धाराच्या सभेला मला बोलावले होते. गाभाऱ्यात संगमरवरी फरशी घालावयाची, रोयणीच्या पायथ्याशी सिमेंटचा कठडा बांधावयाचा, असे ठरत होते. मी ढेरे यांचा ग्रंथ सोबत नेला होता. तो पिशवीतच राहिला. एका वृद्ध गावकऱ्याने मात्र विचारले, "मग वाळवी माती आणणार कुठून?" सभेत हशा पिकला.

फरशी बसली. पुढे काळ्या पाषाणाची मूर्तीही आली, सुबक आहे. तिच्या मागची रोयण तेव्हापासून बोटभरही वाढलेली नाही.