पब, भिशी आणि दुकानाची पाटी

परकी वस्तू आली की तिच्यामागून तिचे नाव येते, आणि ते नाव तसेच ठेवावे की त्याला प्रतिशब्द घडवावा, हा वाद मराठीत नव्याने उभा राहतो. सावरकरांचे भाषाशुद्धिविषयक लेखन आणि माधवराव पटवर्धनांचा ‘भाषाशुद्धि-विवेक’ हा ग्रंथ यांच्या काळापासून या वादात शब्दाच्या कुळाची चौकशी अधिक झाली आहे. शब्दाच्या कार्याची चौकशी मात्र त्या मानाने थोडी झाली. ‘पब’, ‘बर्गर’ आणि ‘क्राफ्ट बिअर’ हे एकाच मेजावर येणारे तीन शब्द या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत. तपासणीसाठी भिवंडीतील निजामपुऱ्यासारखी यंत्रमागाची वस्ती समोर ठेवली, तर पुण्यामुंबईच्या व्यवहारात सहजी न दिसणारे काही भेद स्पष्ट होतात.

‘पब’ हे ‘पब्लिक हाउस’ या इंग्रजी जोडशब्दाचे संक्षिप्त रूप होय. इंग्लंडात तो वस्तीतील लोकांनी संध्याकाळी एकत्र बसण्याच्या जागेचा वाचक आहे. मराठीत येताना मात्र त्याचा अर्थ संकोचला. मराठी वृत्तपत्रांत ‘पब’ म्हटले की मोठ्या आवाजातील संगीत, नृत्य आणि खिशात पैसा असलेला तरुण वर्ग एवढेच डोळ्यांपुढे येते. ज्या शब्दाच्या पोटात ‘सार्वजनिक’ हा अर्थ होता, तोच येथे निवडक मंडळींच्या जागेचा वाचक झाला. ध्वनिरूप आले, संस्था आली नाही.

या संकोचाचे कारण मराठीतील जुन्या नावांच्या घडणीत सापडते. खाण्याच्या जागेचे नाव मराठीने क्रियेवरून घडविले. ‘खाणावळ’ या शब्दात ‘खाणे’ उघड दिसते. पिण्याच्या जागेची नावे मात्र सरकारी व्यवहारातून आली. ‘गुत्ता’ म्हणजे मुळात मक्ता. मराठवाड्यात ‘गुत्तेदार’ हा शब्द आजही कंत्राटदार या अर्थी वापरला जातो. दारूविक्रीचा मक्ता ज्याने घेतला, त्याच्या दुकानालाच पुढे गुत्ता म्हणू लागले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणाऱ्यास परवाना आवश्यक ठरविला आणि त्या परवाना-पद्धतीतून ‘परमिट रूम’ हा शब्द पाट्यांवर चढला. एका नावात मक्ता, दुसऱ्यात परवाना. एकत्र बसणे कोठेच नाही. सहभोजन आणि सहपान यांना एकत्र सांधणारा शब्द मराठीजवळ नसल्यामुळे ‘पब’ला येथे मूळ अर्थाने उतरण्यास जागाच उरली नव्हती.

तथापि ‘सर्वांचे घर’ ही कल्पना मराठी प्रदेशात अनोळखी आहे, असे म्हणणे चुकीचे ठरेल. भिवंडीच्या यंत्रमागांवर काम करणारे, घर गावी ठेवून आलेले कामगार ज्या ठिकाणी दोन वेळचे जेवण घेतात आणि ठरल्या मुदतीने पैसे चुकते करतात, त्या ठिकाणाला ‘भिशी’ म्हणतात. ‘भिस्सी’ असा उच्चारही ऐकू येतो. मराठी मध्यमवर्गात ‘भिशी’ म्हणजे दरमहा वर्गणी काढून आळीपाळीने रक्कम उचलण्याची पद्धत. या दोन अर्थांमधील समान धागा वाटा घालण्याचा आहे: एका ठिकाणी पैशाचा, दुसऱ्या ठिकाणी ताटाचा. तेथे दारू नसते, ही गोष्ट खरी. परंतु ओळखीची माणसे, ठरलेली वेळ आणि गावाकडची बातमी या पबच्या मूळ लक्षणांचा विचार केला, तर भिशी ही ‘पब्लिक हाउस’च्या अधिक जवळ आहे आणि मराठीतील ‘पब’ त्यापासून अधिक दूर आहे.

‘बर्गर’ची कथा वेगळी आहे. हा शब्द हँबुर्ग या शहराच्या नावावरून आला. ‘हॅम’ आणि ‘बर्गर’ अशी चुकीची फोड होऊन त्याचा उत्तरार्ध स्वतंत्र झाला. मराठीत त्याच्यासोबत मांसाचा अर्थही आला नाही. मधोमध कापलेला गोल पाव आणि आत काहीतरी, एवढा आकारच आला. म्हणून वडापावाला ‘भारतीय बर्गर’ म्हणणे हे वर्णन म्हणून सदोष आहे. ‘वडापाव’ हा सामासिक शब्द आपले दोन्ही घटक सांगतो, आणि त्यांपैकी ‘पाव’ स्वतः पोर्तुगीजांकडून आलेला आहे; ‘बर्गर’ आपल्या घटकांपैकी एकही सांगत नाही. अर्थवाही शब्दाचा परिचय अर्थहीन शब्दाने करून देण्यात लाभ कोणता?

‘क्राफ्ट’ या शब्दाची परीक्षा तर निजामपुऱ्यातच व्हावयास हवी. छोट्या प्रमाणावर, करणाऱ्याच्या कसबाने तयार झालेली बिअर ती ‘क्राफ्ट बिअर’. हातमागाकडून यंत्रमागाकडे गेलेल्या या गावात माग चालविणाऱ्याला ‘कारीगर’ म्हणतात, परंतु त्याचे कापड मीटरवर मोजले जाते आणि त्यावर त्याचे नाव नसते. कसबाचा गौरव करणारे विशेषण एका पेयाला मिळावे आणि विणणाऱ्याच्या वाट्याला केवळ संबोधन यावे, हा भेद भाषेने निर्माण केलेला नसला तरी भाषेत नोंदला गेला आहे.

शब्दांचा प्रवास एकाच दिशेने होतो, हा समजही येथे टिकत नाही. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ या नावाने भारतातील आरंभीच्या लघु-बिअरनिर्मितिगृहांपैकी एक सुरू झाले. हे नाव नाशिकजवळच्या देवळालीचे इंग्रजी सोजिरांच्या तोंडी झालेले रूपांतर आहे. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत कंटाळलेल्या शिपायांवरून ‘डूलाली टॅप’ म्हणजे डोके फिरणे असा वाक्प्रचार रूढ झाला. त्यातील ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’. पुढे याच व्यवसायाने आपल्या पानगृहांना ‘टॅपरूम’ म्हटले, तेव्हा तापाची तोटी झाली. हा शब्द परका म्हणावा की घरचा, याचा निर्णय कुळाच्या कसोटीने होत नाही.

दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या अधिनियमात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने पाटीवर देवनागरी मराठी आधी आणि इतर लिपीहून लहान नसलेल्या अक्षरांत असणे बंधनकारक झाले. मद्य मिळणाऱ्या आस्थापनेस महनीय व्यक्तींची वा गडकिल्ल्यांची नावे देण्यासही मनाई झाली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईतील व्यापाऱ्यांना याच्या पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. हा कायदा स्वागतार्ह आहे. त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. देवनागरीत लिहिलेला ‘पब’ वाचता येतो, परंतु तेवढ्याने तो मराठी होत नाही. भिशी मात्र पाटीविनाही शब्द म्हणून जिवंत असते, कारण रोज दोन वेळा तिच्याकडे पावले वळतात. लिपीची काळजी शासनाने घेतली आहे. कामगारांच्या तोंडचा ‘भिशी’चा हा अर्थ, स्थळ आणि उच्चारभेद यांसह टिपून ठेवण्याचे काम कोशकाराचे आहे. यंत्रमाग बंद पडले की भिशी उठेल, आणि त्यानंतर हे काम करता येणार नाही.