स्वावलंबन कोणाचे? : विद्यापीठीय परिसर-सेवांच्या स्वयंनिर्वाह-धोरणाचे परीक्षण

विद्यापीठाचे वसतिगृह, खानावळ, उपाहारगृह, मुद्रणालय, अतिथिगृह, वस्तुभांडार इत्यादी सेवांनी आपला खर्च आपणच भागवावा, विद्यापीठनिधीवर त्यांचा भार पडू नये, असे एक तत्त्व अलीकडे आर्थिक नियोजनाच्या चर्चेत गृहीत धरले जाते. अमेरिकन विद्यापीठांच्या हिशेबपद्धतीत अशा सेवांचा एक स्वतंत्र वर्ग फार पूर्वीपासून आहे. आपल्याकडे या तत्त्वाला ‘स्वावलंबन’ असे भारदस्त नाव मिळाले आणि त्या नावाबरोबर एका थोर परंपरेचे पुण्यही त्याच्या पदरी आपोआप पडले. प्रस्तुत टिपणात हिशेबाच्या तपशिलापेक्षा या नावाचेच परीक्षण करावयाचे आहे. कारण धोरणातील दोष नावाच्या आड दडला आहे, असे लेखकास वाटते.

महाराष्ट्रात शिक्षणाच्या संदर्भात स्वावलंबन म्हटले की कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात. 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली; 1924 मध्ये साताऱ्यास निरनिराळ्या जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले आणि 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. मुले घरून धान्य आणीत, स्वयंपाकापासून पाणी भरण्यापर्यंतची कामे स्वतः करीत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पुढे 1947 मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, तेव्हा ‘कमवा व शिका’ ही कल्पना उच्च शिक्षणात आली. 1962 मध्ये कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी ती विद्यापीठाच्या परिसरात रुजविली.

या सर्व खटाटोपात स्वावलंबी व्हावयाचा होता तो विद्यार्थी, खानावळ नव्हे. खानावळीचा हिशेब तर बहुधा तुटीचाच असे, आणि ती तूट लक्ष्मीबाईंच्या दागिन्यांनी, रयतेच्या धान्याने, दात्यांच्या देणग्यांनी आणि शासकीय अनुदानाने भरून निघे. माधुकरी मागून किंवा वार लावून जेवणाऱ्या मुलाला दुसऱ्याच्या दारी ताटकळावे लागे. श्रमाच्या मोबदल्यात जेवणारा मुलगा ताठ मानेने जेवतो, हा त्या स्वावलंबनाचा अर्थ होता. त्यातून संस्थेची तिजोरी वाचावी असा हेतू नव्हता. 1955 मध्ये पुण्यास डॉ. अच्युतराव आपटे यांनी स्थापिलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहांतही याच अर्थाने श्रमाला स्थान मिळाले, आणि तेथेही समाजाच्या देणगीचा आधार कधी नाकारला गेला नाही.

आजच्या धोरणात मात्र वाक्याचा कर्ता बदलला आहे. सेवा स्वावलंबी व्हावयाची, म्हणजे तिचा संपूर्ण खर्च तिचा उपभोग घेणाऱ्याने द्यावयाचा. उपभोग घेणारा विद्यार्थी गरीब असेल, तर सेवा जितकी स्वावलंबी होईल तितका तो परावलंबी होतो. एकाच शब्दाने दोन परस्परविरुद्ध गोष्टी सांगितल्या जातात आणि दुसरी पहिलीच्या प्रतिष्ठेवर खपते.

हे केवळ शब्दच्छल नव्हे, हे पाहण्यासाठी बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात, युसूफ वडगावसारख्या गावी यावे. छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठाचे हे कार्यक्षेत्र. हे विद्यापीठ 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठ म्हणून स्थापन झाले आणि 1994 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव धारण करते. त्यापूर्वी या भागाचे विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ हवे, या मागणीच्या मुळाशी घरापासूनचे अंतर आणि परक्या शहरातील खर्च हेही एक कारण होतेच. याच तालुक्यात धनेगाव येथे मांजरा नदीवर धरण आहे. तरीही या पट्ट्यातील असंख्य कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घेतली जाते आणि पुढचे चार-सहा महिने ती तोडणीतून फेडली जाते. वर्षाकाठी एकरकमी रोख पैसा हाती येण्याचा हाच काय तो प्रसंग.

अशा घरातील मुलगी पदव्युत्तर वर्गास प्रवेश घेते, असे समजू. वसतिगृहाचे भाडे, खानावळीची अनामत आणि पहिल्या महिन्याचे आगाऊ पैसे प्रवेशाच्या वेळी, म्हणजे पावसाळ्यातच, भरावयाचे असतात. शिष्यवृत्ती किंवा 2016-17 पासून चालू असलेल्या स्वाधार योजनेसारखे साहाय्य बँकेच्या खात्यात जमा होते खरे, पण ते प्रवेश झाल्यानंतर. स्वयंनिर्वाही खानावळीला उधारी परवडत नाही. तिच्याजवळ खेळते भांडवल नसते, म्हणून ते ती अनामतीतून उभे करते. मुलीच्या घरी ही रक्कम कोठून यावी? उचल थोडी वाढवून. एवंच, विद्यापीठाच्या ताळेबंदात जी सेवा कोणावरही भार न टाकता चाललेली दिसते, तिचे भांडवल दूरच्या एखाद्या कारखान्याच्या उसाच्या फडात फेडले जात असते. ताळेबंदात हा रकाना नसतो.

आता हिशेबाकडे वळू. ‘सेवेने आपला खर्च भागवावा’ या वाक्यातील ‘खर्च’ म्हणजे नेमके काय, हे सांगितल्यावाचून धोरणाला अर्थच येत नाही. इमारतीची झीज, वीज, पाणी, पहारेकरी, कार्यालयीन लिपिकाच्या वेतनाचा अंश यांपैकी काय खानावळीच्या नावे लिहावयाचे आणि काय विद्यापीठाच्या सर्वसाधारण खर्चात धरावयाचे, हा निर्णय लेखापाल घेतो, आणि त्यावर सेवा तोट्यात की नफ्यात हे ठरते. उदाहरणादाखल, एखाद्या खानावळीचा स्थिर खर्च दरमहा 1,20,000 रुपये असून जेवणारे 200 आहेत असे धरले, तर अन्नाच्या किमतीखेरीज प्रत्येकास 600 रुपये पडतात. दर वाढल्याने सर्वांत गरीब 50 जण खोलीवर स्टोव्ह पेटवू लागले, तर उरलेल्या 150 जणांस 800 पडतील. आणखी 30 गळाले की 1,000. दरवाढीने तूट भरून निघत नाही, गळती वाढते. आणि मग ‘विद्यार्थ्यांचा प्रतिसाद नाही’ असा शेरा मारून खानावळ ठेकेदाराकडे देण्याचा प्रस्ताव येतो.

ठेक्याची तऱ्हा तर अधिक विचित्र. जास्तीत जास्त भाडे देणाऱ्यास उपाहारगृह मिळावे, ही पद्धत निविदेच्या दृष्टीने निर्दोष आहे. परंतु परिसरातील गिऱ्हाईक बांधलेले असते. दोन तासिकांमधील पाऊण तासात ते कोठे जाणार? तेव्हा ठेकेदाराने दिलेले वाढीव भाडे अखेर चहाच्या पेल्यातून आणि पोह्यांच्या बशीतूनच वसूल होते. विद्यापीठ त्यास उत्पन्न म्हणते. वस्तुतः तो विद्यार्थ्यांवर बसविलेला एक अप्रत्यक्ष कर आहे, आणि तो कोणत्याही अधिसभेपुढे कर म्हणून मांडला जात नाही. शिवाय 2017 पासूनच्या वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत शिक्षणसंस्थेने स्वतः आपल्या विद्यार्थ्यांना पुरविलेले जेवण करमुक्त आहे. मात्र बाहेरच्या ठेकेदाराने महाविद्यालयास वा विद्यापीठास पुरविलेल्या खानावळीच्या सेवेवर 5 टक्के कर लागतो, असा केंद्रीय खात्याचा 2018 चा खुलासा आहे. म्हणजे काटकसर म्हणून केलेली व्यवस्था आरंभीच पाच टक्क्यांनी महाग पडते.

स्वयंनिर्वाहाचे तत्त्व सर्वत्रच त्याज्य आहे, असे मात्र लेखकाचे म्हणणे नाही. अतिथिगृह, समारंभासाठी बाहेरच्यांना दिले जाणारे सभागृह, बाहेरची कामे घेणारे मुद्रणालय यांनी खर्च भागवून शिल्लकही टाकावी. तेथे सवलत देणे म्हणजे विद्यार्थ्याच्या शुल्कातून पाहुण्याचा पाहुणचार करणे. प्रकाशनांच्या बाबतीत प्रश्न नाजूक आहे. उस्मानिया विद्यापीठाने 1917 पासून उर्दूतून पाठ्यपुस्तके सिद्ध करण्यासाठी भाषांतरसंस्था चालविली. ती विक्रीच्या उत्पन्नावर चालवावी असा आग्रह धरला असता, तर उर्दूतून उच्च शिक्षणाचा तो प्रयोग पहिल्या वर्षीच संपला असता. मराठीतील संशोधनग्रंथांचीही स्थिती फारशी वेगळी नाही. (हे पत्रकही स्वयंनिर्वाही नाही, हे येथे प्रांजळपणे नमूद केलेले बरे.)

भेद करावयाचा तो सेवेच्या नावावरून नव्हे, तर ती नाकारण्याची मुभा घेणाऱ्यास आहे की नाही यावरून. पाहुणा अतिथिगृह नाकारून गावातील लॉजमध्ये उतरू शकतो. युसूफ वडगावच्या मुलीस खानावळ नाकारता येते ती एकाच रीतीने : शिक्षण सोडून. अमेरिकन हिशेबपद्धतीतही अशा सेवांचे शुल्क खर्चाशी निगडित असावे एवढेच म्हटले आहे. ते खर्चाइतकेच असले पाहिजे, असे म्हटलेले नाही. हा बारकावा आपण उसना घेताना वाटेत गळाला.

याउलट, कर्मवीरांच्या अर्थाने स्वावलंबन आणावयाचे, तर ‘कमवा व शिका’ योजना आणि परिसर-सेवा यांची सांगड घालता येईल. आज या योजनेखाली विद्यार्थी बहुधा ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत काही तास काम करतो आणि त्याचे मानधन त्यास मागाहून मिळते. खानावळीचे बिल मात्र आधी द्यावे लागते. दोन्ही हिशेब एकाच संस्थेत असून एकमेकांस ओळखत नाहीत. खानावळीच्या नोंदी, धान्याची खरेदी, वस्तुभांडाराची विक्री ही कामे विद्यार्थ्यांकडे देऊन त्यांचे मानधन परस्पर जेवणाच्या खाती वळते केले, तर अनामतीची अट पुष्कळांच्या बाबतीत अनावश्यक ठरेल. उरलेल्यांसाठी अनामत शिष्यवृत्ती जमा होईपर्यंत तहकूब ठेवावी, आणि तेवढ्या काळाचे खेळते भांडवल अतिथिगृहाच्या व सभागृहाच्या शिलकीतून खानावळीस बिनव्याजी मिळावे. त्यासाठी नवा कायदा नको. अर्थसंकल्पात एक स्वतंत्र शीर्ष उघडावे लागेल, आणि ते जूनपूर्वी उघडावे लागेल.