पिठाचा कोंबडा आणि मोबाईलमधली बंदूक

2025 च्या दशलक्षण पर्वात आमच्या महिला मंडळात एक विषय निघाला आणि पर्व संपलं तरी तो काही संपला नाही. मुलांच्या हातातल्या मारामारीच्या मोबाईल गेमवर बंदी आणावी, असं निवेदन कलेक्टरसाहेबांना द्यायचं ठरलं. लिहायचं काम माझ्याकडे आलं. "ताई, तुम्ही लिहिता, तुम्हीच लिहा." मी कागद पुढे घेतला आणि पहिलं वाक्य लिहिलं: या खेळांमुळे आमची मुलं हिंसक होत आहेत.

तिथेच पेन थांबला. हे मला खरंच माहीत होतं का? तो खेळ मी एकदाही नीट बसून पाहिला नव्हता. पुस्तक न वाचता त्यावर अभिप्राय देणाऱ्यांना मी जन्मभर नावं ठेवली, आणि आता स्वतः तेच करत होते.

त्याआधी माझ्या हातून आणखी एक गोष्ट झाली होती, तीही सांगते. माझा नातू पंधरा वर्षांचा, दहावीत. जेवायला हाका मारून थकले, तेव्हा त्याच्या हातातला फोन हिसकावला आणि त्याला यशोधर राजाची कथा ऐकवली. आपल्या बायांना ती पाठ असते. राजाला वाईट स्वप्न पडतं. आई चंद्रमती म्हणते, देवीला बळी दे. राजा जीवहत्येला तयार होत नाही. मग आईच तोड काढते, की खरा नको, पिठाचा कोंबडा कर. राजा पिठाचा कोंबडा कापतो, दोघं तो प्रसाद म्हणून खातात, आणि त्या एका कृत्यापायी मोर, कुत्रा, मासा, बकरा अशा योनींत जन्मोजन्मी मारले जातात. माझं माहेर कारंज्याचं. पुष्पदंताचं 'जसहरचरिउ' 1931 साली डॉ. प. ल. वैद्यांनी संपादित केलं, ते कारंज्याच्याच जैन ग्रंथमालेत निघालं. त्यामुळे ही कथा मला घरचीच वाटते. मी त्याला ठणकावून म्हटलं, "पिठाचा होता तरी पाप लागलं. तुझी माणसं मोबाईलमधली आहेत म्हणून सुटशील काय?"

पोरगं शांतपणे म्हणालं, "आजी, पण कोंबडा कापायला सांगितलं कोणी? आईनंच ना? अन् मला फोन कोणी दिला?"

फोन मीच दिला होता. 2020 साली शाळा बंद पडली, वर्ग मोबाईलवर आले, तेव्हा तो पाचवीत होता. घरात जास्तीचा फोन माझाच होता. वर्ग संपल्यावर त्यात तो काय पाहतो, हे वर्षभर कोणी विचारलं नाही. पोरगं गप बसतं, घरातली कामं उरकतात, एवढंच आम्ही पाहिलं.

म्हणून मी ठरवलं, आठ दिवस रोज त्याच्या शेजारी बसायचं आणि खेळ पुस्तकासारखा वाचायचा. फुकट नव्हे, त्यालाही अट घातली. इअरफोन काढायचा, आवाज मोठा ठेवायचा.

खेळ तुम्हाला नावानं माहीत आहे. आधी पबजी होता. 2017 साली तो कॉम्प्युटरवर आला, 2018 मध्ये मोबाईलवर. तो रचणाऱ्या ब्रेंडन ग्रीन यांना कल्पना सुचली ती 'बॅटल रॉयल' या 2000 सालच्या जपानी चित्रपटावरून. त्यात शाळकरी मुलांना एका बेटावर सोडून एकमेकांना मारायला लावतात. खेळाचा सांगाडाही तोच. शंभर जण विमानातून बेटावर उड्या घेतात. खाली हत्यारं, गोळ्या, औषधाच्या पेट्या विखुरलेल्या. एक मोठं वर्तुळ हळूहळू लहान होत जातं, बाहेर राहील त्याचा जीव झिजत जातो. म्हणून सगळे आत सरकतात आणि समोरासमोर येतात. शेवटी जो उरतो तो जिंकला, आणि पडद्यावर अक्षरं झळकतात: 'विनर विनर चिकन डिनर'. हे वाचून मी नातवाकडे पाहिलं. तो हसला. कोंबडा इथेही होताच.

आता खरं सांगते. पहिले दोन-तीन दिवस मला त्यात वाटलं होतं तसं क्रौर्य काही दिसलं नाही. दिसली ती धास्ती. पोरगं श्वास रोखून कान देऊन बसलेलं असतं, पावलं कुठून वाजतात ते ऐकत. चौघांची टोळी असते. एक जण गोळी लागून पडला की लगेच मरत नाही, रांगत राहतो, आणि सोबत्यानं जवळ बसून थोडा वेळ दिला तर उठतो. नातू दोनदा स्वतःचा जीव धोक्यात घालून मित्राला उठवायला गेला आणि दोन्ही वेळा मेला. हळहळला, पण मित्राला बोल लावला नाही. कोरोनाच्या काळात गल्लीतली पोरं एकमेकांच्या दारात जाऊ शकत नव्हती, तेव्हा याच खेळात ती रोज भेटत होती, हेही मला तेव्हाच कळलं. आणखी एक गोष्ट कळली. एक डाव अर्ध्या तासाच्या आसपास चालतो आणि मध्येच उठलं तर बाकीचे तिघं अडकतात. आपण डाव रंगात असताना जेवायला हाक मारतो आणि म्हणतो, पोरगं ऐकत नाही.

मोठमोठ्या अभ्यासकांनी यावर काय म्हटलंय तेही वाचलं. त्यांच्यातही एकमत नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2019 साली ब्रिटनमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे 1000 मुलांचा अभ्यास छापला. हिंसक खेळ आणि मुलांचं आक्रमक वागणं यांत त्यांना संबंध सापडला नाही. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत 24 अभ्यास आणि 17,000 हून अधिक मुलं एकत्र धरून हिशोब मांडला गेला. त्यात थोडी वाढ दिसली, फार नाही. अमेरिकेच्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं 2020 मध्ये म्हटलं, की खऱ्या हिंसाचाराचं खापर या खेळांवर फोडण्याइतका पुरावा नाही, ओरडणं-ढकलणं अशा वागण्याशी मात्र लहानसा संबंध दिसतो. उलट बाजूही आहे. असे वेगवान खेळ खेळणाऱ्यांची नजर जास्त गोष्टी एकदम टिपते, हे 2003 पासून नोंदलं गेलंय. थोडक्यात, माझं निवेदनातलं पहिलं वाक्य टिकत नव्हतं.

मग खेळ निर्दोष आहे का? नाही. पण दोष मी शोधत होते तिथे नव्हता.

आपल्याकडचा बीजीएमआय 2021 च्या जुलैत आला तेव्हा त्यात रक्ताचा लाल रंग बदलून हिरवा केला आणि 'मारलं' याऐवजी 'संपवलं' अशा अर्थाचा शब्द घातला. आमच्यासारख्यांचं समाधान व्हावं म्हणून केलं असावं. मला हा बदल अगदी वरवरचा वाटतो. त्या बेटावर घरं आहेत, पण राहणारं कोणी नाही. शाळा आहे, पण मूल नाही. दवाखाना आहे, पण पेशंट नाही. आणि माणूस मेला की प्रेत उरत नाही, एक पेटी उरते. मारणारा जाऊन ती उघडतो, गोळ्या-औषधं काढून घेतो आणि पुढे जातो. कोणी रडत नाही, कारण रडणारं तिथे कोणी ठेवलेलंच नाही.

आपण बालाघाटचे लोक. बंदूक म्हणजे काय, हे आपल्याला पडद्यावरून शिकावं लागलं नाही. लांजी-बैहरच्या बाजूचं रान आणि तिथल्या बातम्या ऐकत एक अख्खी पिढी मोठी झाली. 1999 च्या डिसेंबरात मध्य प्रदेशाचे मंत्री लिखीराम कावरे यांची याच जिल्ह्यात, त्यांच्या गावी नक्षलवाद्यांनी हत्या केली. त्या सकाळी बाजारात लोक कसे हळू आवाजात बोलत होते, ते मला अजून आठवतं. नातवाला हे सांगितलं तर त्यानं विचारलं, "त्यांच्या घरचे?" मी म्हटलं, हाच प्रश्न तुझा खेळ कधी पडू देत नाही. मृत्यूच्या मागे एक घर असतं, ते या खेळानं पुसून टाकलंय. रक्त हिरवं करून ते परत येत नाही.

सहाव्या दिवशी जे झालं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. तीन मित्र होते, चौथा अनोळखी पोरगा जोडला गेला. आवाजावरून नऊ-दहा वर्षांचा असेल. त्याला खेळ येत नव्हता. सारखा विचारायचा, "भैया, किधर जाऊँ?" त्याच्या चुकीनं टोळी मेली. आणि आमच्या घरातला, रोज मंदिरात जाणारा, रात्री न जेवणारा मुलगा त्या लेकराला त्याच्या आईवरून शिवी देऊन बसला. बाकीचे दोघं हसले. पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग तो पोरगा निघून गेला.

नातवाला आपण काय बोललो ते माझा चेहरा पाहून कळलं. रोज इअरफोन असतो, म्हणून घरात कोणाला कधी ऐकू आलं नव्हतं.

त्या रात्री मला यशोधराची कथा पुन्हा आठवली आणि आपण ती चुकीच्या जागी लावली हे समजलं. पिठाचा कोंबडा खोटा होता, राजाचा भाव खरा होता, म्हणून कर्म बांधलं गेलं. आपल्याकडे हिंसा मोजतात ती आतल्या कषायावरून. तंदुल मत्स्य एकही मासा न खाता सातव्या नरकात जातो, तो याच हिशोबानं. मग खेळातही तोच हिशोब लावायला हवा. मित्राला उठवायला धावताना नातवाच्या मनात काय होतं? आणि त्या लहानग्याला शिवी देताना काय होतं? पहिल्या वेळी हातात बंदूक होती, दुसऱ्या वेळी नुसता शब्द. हिंसानंद मला दिसला तो दुसऱ्या वेळी. खेळातली बंदूक खोटी, गोळी खोटी, मेलेले शंभर जण खोटे. पण तिथे उच्चारलेली शिवी खरी असते, कारण ऐकणारा खरा असतो.

पैसाही खरा असतो. 2021 च्या जुलैत आपल्याच राज्यात, छतरपूरला, तेरा वर्षांच्या एका मुलानं आयुष्य संपवलं. फ्री फायर नावाच्या खेळात आईच्या खात्यातले 40,000 रुपये गेल्याचं त्यानं चिठ्ठीत लिहिलं होतं. त्या घराचं दुःख आपण काय जाणणार? मला एवढंच वाटतं, की आपल्या पोरांना चूक झाली तर आईला सांगता आली पाहिजे.

बंदीचं म्हणाल, तर बंदी आपण पाहिली. 2019 च्या मार्चमध्ये राजकोटला पोलिसांनी पबजी खेळणाऱ्या पोरांना अटक केली. 2 सप्टेंबर 2020 ला देशभर पबजी बंद झाला, पण कारण मुलांचं नव्हतं, देशाच्या सुरक्षेचं आणि माहितीच्या चोरीचं होतं. दहा महिन्यांत तोच खेळ नव्या नावानं परतला. 2022 मध्ये पुन्हा गेला, 2023 मध्ये पुन्हा आला. 2025 च्या ऑगस्टातला कायदा पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे आणि तो मला बरा वाटतो. पण घरातल्या इअरफोनमध्ये काय चाललंय, ते कलेक्टरसाहेब ऐकायला येणार नाहीत.

म्हणून निवेदन मी लिहिलं नाही. मंडळात तीन गोष्टी मांडल्या. पोरानं बैठकीत खेळायचं, इअरफोनशिवाय. खेळात एक रुपया घालायचा नाही, आणि गेलाच तर त्याच दिवशी घरी सांगायचं. त्याबद्दल मार बसणार नाही, हे आपण आधी कबूल करायचं. आणि आपण डाव संपेपर्यंत थांबायचं, त्यानं डाव संपल्यावर उठायचं. काही जणी नाराज झाल्या. एक म्हणाली, "ताई, तुम्ही तर परवानगीच दिली." असेल. आपल्या शास्त्रात दुसऱ्याच्या हाती हिंसेचं साधन देणं हा हिंसादान नावाचा दोष सांगितलाय. साधन तर आपण देऊन बसलो आहोत. आता शेजारी बसणं तरी आपल्याकडे लागतं.

क्षमावाणीच्या दिवशी नातू सगळ्यांच्या पाया पडला. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आजी, त्या पोराची माफी कशी मागू? त्याचं नाव पण खरं नाही." मी म्हटलं, बघ शोधून. खेळात आधीच्या सोबत्यांची यादी असते, त्यात त्यानं ते नाव शोधलं आणि मैत्रीची विनंती पाठवली. ती मान्य झाल्याशिवाय निरोप लिहिता येत नाही म्हणे.

आज महिना झाला. पलीकडून अजून काही आलेलं नाही. तो पोरगा कुठल्या गावचा, कोणाचा, आम्हाला कधी कळणार नाही. नातू मात्र खेळ उघडला की आधी तिथे बघतो.