क्षमेच्या गोष्टीतला तिसरा माणूस

रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या ख्रिस्ती अभंगांविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले त्यात एका गोष्टीचे कौतुक फार झाले : त्यांनी ख्रिस्ताला माउली केले. कौतुक खोटे नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या चित्पावन कवीने नगरला राहून परक्या मिशनच्या देवाला वारकऱ्यांची बोली दिली. परंतु माउलीच्या क्षमेत माणसे दोनच : चुकलेले लेकरू आणि त्याची वाट पाहणारी आई. लेकराने ज्याच्या पाठीत धोंडा घातला तो कुठे आहे, हे कुणी विचारत नाही. दलित वाचक म्हणून माझा प्रश्न तिथे सुरू होतो.

आणि तो आगंतुक नाही. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आले. पुढे या जिल्ह्याच्या खेडोपाडी ज्यांनी ख्रिस्त स्वीकारला ते बहुतेक महार-मांग. त्यांना उपदेश पाप्याच्या पश्चात्तापाचा. पाप कोणते त्यांचे? येसकरकी? मेलेले ढोर ओढणे?

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पेत्र विचारतो, क्षमा किती वेळा करावी? सातांच्या सत्तर वेळा, हे उत्तर सर्वांना पाठ असते. त्याला लागूनच जी गोष्ट येते तिच्याकडे मात्र नीट पाहिले जात नाही. एका चाकराचे दहा हजार तलांतांचे कर्ज राजा माफ करतो. एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी आणि एक तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. तेव्हा हे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे झाले. तोच चाकर बाहेर पडतो आणि शंभर दिनारांसाठी सोबतीच्या चाकराचा गळा धरतो. ऊसतोडीच्या उचलीसारखी रक्कम, फिटू शकणारी. बाकीचे चाकर हे पाहून कष्टी होतात, राजाला जाऊन सांगतात, आणि राजा दिलेली माफी मागे घेतो. म्हणजे इथे देवाच्या सहनशीलतेलाही हद्द आहे, आणि ती तिसऱ्या माणसाच्या गळ्यापाशी आखली आहे. शिवाय राजापर्यंत बातमी जाते ती ज्यांनी पाहिले त्यांच्या तोंडून.

जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला २०१४ मध्ये सतरा वर्षांच्या एका दलित मुलाचा खून झाला. २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयात साक्षीदार फितूर झाले, आरोपी निर्दोष सुटले. राजाकडे निघालेलेच अर्ध्या वाटेवरून परतले. अशा गावात क्षमेवर प्रवचन करायचे, तर ते कोणाला उद्देशून?

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ मला या बाबतीत पतीच्या अभंगांहून अधिक खरे वाटते. टिळकांच्या लहरींचा, घर सोडून जाण्याचा, धर्मांतराने झालेल्या ताटातुटीचा जमाखर्च तिथे हसत हसत मांडला आहे. बाई क्षमा करतात, पण नोंद पुसत नाहीत. राहुरीला त्यांनी जातिभेद मनातून टाकला तो प्रसंग मराठी वाचकाला प्रिय आहे, आणि तो प्रामाणिक आहेच. मात्र तोवर ज्यांच्या हातचे पाणी त्यांना चालत नव्हते, त्या ख्रिस्ती महार-मांगांचे ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापाशी नाही. देवाच्या धीराला स्तोत्रे मिळाली. यांच्या धीराला ओळही नाही.

१९८१ मध्ये अरविंद निर्मल यांनी बंगळूरला भारतीय ईश्वरशास्त्रासमोर शूद्राचा, दलिताचा प्रश्न उभा केला. त्यांच्या वाटेने जाणाऱ्याने लूकमधला जक्कय पुन्हा वाचावा. हा जकातदार आपली अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायला निघतो, फसवलेल्यांना चौपट परत करीन म्हणतो. त्याच्या घराला तारण लाभल्याचा शब्द येतो तो त्यानंतर. आमच्या जिल्ह्यात महारकीच्या वेठीची चौपट किती होते, हे कुठल्या धर्मपीठाने मांडले? मांडायला बसायचे तर सुरुवात हाडोळ्याच्या जमिनीपासून करावी लागेल.