भिंत, वही आणि पान : डहाणू–तलासरीच्या चित्रित पृष्ठासंबंधी काही विचार

१

कोऱ्या वहीच्या पानावर रंग, कागदाचे कपटे, दोरा, शिक्के आणि हस्ताक्षर यांचे थर चढवून चित्ररोजनिशी सिद्ध करणे, किंवा एखादा छापील ग्रंथ घेऊन त्याची पाने रंगवून, कापून, चिकटवून त्यातून निराळीच कृती निर्माण करणे, हे दोन कलाप्रकार आता आपल्याही परिचयाचे झाले आहेत. पहिल्याला मिश्रमाध्यमी चित्ररोजनिशी आणि दुसऱ्याला परिवर्तित ग्रंथ म्हणावयास हरकत नाही. दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्रज चित्रकार टॉम फिलिप्स यांचे आहे. डब्ल्यू. एच. मॅलॉक यांची ‘ए ह्यूमन डॉक्युमेंट’ ही १८९२ मधील कादंबरी त्यांनी १९६६ मध्ये हाती घेतली आणि तिच्या प्रत्येक पानावर रंग चढवून, मधले मोजकेच शब्द उघडे ठेवून ‘ए ह्यूम्युमेंट’ हा ग्रंथ घडविला. हे काम ते पुढे जवळजवळ पन्नास वर्षे करीत राहिले. मूळ नावातील मधली अक्षरे गाळून नवे नाव सिद्ध झाले, म्हणजे परिवर्तनाची रीत नावातच उतरली.

अशा पानांच्या सजावटीसाठी आपल्याकडे वारली आकृतींचा सर्रास उपयोग होतो. दोन त्रिकोणांचा माणूस, तारप्याभोवती फिरणारी नर्तकांची रांग, ताडाचे झाड, एवढे काढले की पानाला ‘आदिवासी’ कळा आली असे समजले जाते. प्रस्तुत लेखाचा रोख या समजाविरुद्ध आहे. डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत चित्रित पृष्ठाला स्वतःचा इतिहास आहे. तो सजावटीचा नसून लेखनाधिकाराचा इतिहास आहे, आणि तो ध्यानात घेतल्यावाचून या आकृतींचे मूल्यमापन होऊ शकत नाही, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

प्रथम एका लोकप्रिय विधानाचा परामर्श घेणे अवश्य आहे. वारली चित्र ही ‘चित्रलिपी’ होय, असे पुष्कळदा म्हटले जाते. या विधानाला एक आधार आहे. संस्कृतातील ‘लिख्’ या धातूचा मूळ अर्थ ओरखडणे, कोरणे असा असून चित्र काढणे आणि अक्षर लिहिणे या दोन्ही क्रिया त्याच्या कक्षेत येतात. ‘आलेख्य’ म्हणजे चित्र, ‘चित्रलेखा’ म्हणजे चित्र काढणारी. मिथिलेत तर विवाहगृहातील कोहबर आजही ‘लिहिला’च जातो. तेव्हा चित्र आणि लेखन यांची फारकत ही आपल्या परंपरेत मुळातली नव्हे, इतके मान्य केले पाहिजे.

परंतु लिपी ही संज्ञा याहून काटेकोर आहे. लिपी एका विशिष्ट भाषेतील विशिष्ट उच्चार नोंदविते. ती जाणणारे दोन वाचक एकच वाक्य उच्चारतात. वारली चित्रापुढे उभे राहिलेले दोन जाणकार एकच प्रसंग सांगतील, पण एकच वाक्य सांगणार नाहीत. शिवाय भाषेतील वर्ण स्वतः निरर्थक असतात आणि त्यांच्या जुळणीतून सार्थ शब्द होतो. मार्तिने यांनी ज्याला द्विस्तरीय संधान म्हटले ते हेच. वारली चित्रातील त्रिकोण याच्या अर्ध्या वाटेवर आहे. डोंगर म्हणून तो सार्थ आहे; पण माणसाच्या धडात शिरला, म्हणजे वरचा उलटा आणि खालचा सुलटा असे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे राहिले, की त्याचा डोंगराशी संबंध उरत नाही आणि तो केवळ घटक होतो. या दोन त्रिकोणांच्या सांध्यात, म्हणजे कमरेत, सारी गती साठविलेली असते. वरचा त्रिकोण जरा कलला की माणूस पेरतो, वाकतो, नाचतो, ओढतो. येथे नामाहून क्रियापदाला महत्त्व आहे. चेहऱ्याला नाक-डोळे नाहीत, कारण कोण आहे यापेक्षा काय करतो आहे हे या चित्राला सांगावयाचे असते. म्हणून वारली चित्र लिपी नव्हे. पण त्याला व्याकरण आहे, आणि ते क्रियाप्रधान आहे.

३

आता पृष्ठाकडे वळू. या चित्राचे मूळ पृष्ठ म्हणजे कुडाची भिंत. कारवीच्या किंवा बांबूच्या कुडावर माती-शेणाचा लेप, त्यावर गेरूचा हात, आणि त्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषा. कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. लग्नप्रसंगी सवाशिणी या भिंतीवर चौक काढतात. चौकाच्या कडांना नक्षीचे पट्टे, मधोमध पालघट देवी, शेजारच्या लहान देवचौकात पंचशिऱ्या देव. रेषांवर हळदकुंकवाचे ठिपके पडतात आणि धवलेरी गाणे म्हणते. धवलेरी या शब्दाचे नाते जुन्या मराठीतील ‘धवळे’ या विवाहगीतांच्या नावाशी आहे. महदंबेने तेराव्या शतकात रुक्मिणीस्वयंवरावर धवळे रचले, हे आपण वाङ्मयेतिहासात शिकवितो. त्याच नावाचा एक जिवंत अंश या तालुक्यांत विवाहविधी चालविणाऱ्या स्त्रीच्या नावात उरला आहे, ही गोष्ट आपल्या अभ्यासक्रमात क्वचितच येते.

शेण, माती, गेरू, पीठ, हळद, कुंकू आणि गीत, ही सामग्री पाहता मिश्रमाध्यम ही कल्पना येथे बाहेरून आणण्याचे काही कारण नाही. चौक हीच पूर्ण अर्थाने मिश्रमाध्यमी कृती होती. फरक इतकाच की तिचे एक माध्यम आवाज हे होते. परिवर्तनाची कल्पनाही येथे आहे. भिंत पुन्हा सारवली जाते, जुने चित्र लेपाखाली जाते आणि नव्या प्रसंगी नवे चित्र येते. फिलिप्स यांच्या ग्रंथात खालचा मजकूर जागोजाग डोकावतो आणि त्या डोकावण्यातच कृतीचे सौंदर्य आहे. भिंतीवर मात्र खालचा थर पूर्ण झाकला जातो. पहिल्या रीतीत पूर्वसूरींशी वाद आहे, तर दुसरीत पुनरावृत्तीवरील श्रद्धा. चौक जपून ठेवावयाचा नसतो, तो पुन्हा काढावयाचा असतो.

‘चौक’ हा शब्द ‘चतुष्क’ या शब्दापासून आला आणि ‘चौकट’ हा ‘चतुष्काष्ठ’ यापासून. चौकात देवी बसते. चौकटीत चित्र बसवितात. चौकाच्या कडेचे पट्टे आतल्या स्थळाला पावित्र्य देतात, तर चौकट आतल्या वस्तूला विक्रेय करते. गेल्या पन्नास वर्षांतील वारली चित्राचा प्रवास या दोन शब्दांमधील अंतरात सामावला आहे.

४

परंतु भिंतीवरून कागदावर, एवढ्यावर हा इतिहास संपत नाही. कागद येथे १९७० नंतर प्रथम आला असे समजणे ही कलासमीक्षेतील मोठी उणीव होय. कागद पूर्वीच आला होता. तो सावकाराच्या वहीच्या रूपाने. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी वारली पुरुष आणि त्याची बायको सावकाराच्या घरी वा शेतावर वर्षानुवर्षे राबत. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दिलेल्या अहवालात या वेठबिगारीची नोंद आहे. मे १९४५ मध्ये आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी येथे किसान सभेच्या सभेत वेठ न करण्याचा निर्धार झाला आणि लग्नगड्यांच्या मुक्ततेला आरंभ झाला. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात हा लढा सांगितला आहे.

‘लग्नगडी’ हा सामासिक शब्द नीट पाहावा. लग्न आणि गडी, म्हणजे संस्कार आणि चाकरी, या दोन पदांचा समास कोणत्याही व्याकरणाने सुचविला नसता. तो कर्जाने घडविला. एकाच लग्नाच्या दोन नोंदी होत. एक भिंतीवर, सवाशिणीच्या हाताने, तांदळाच्या पिठात. ती पावसाळ्यापर्यंत टिके. दुसरी वहीत, सावकाराच्या हाताने, शाईत. ती पुढल्या पिढीपर्यंत टिके. पहिली नोंद वारल्याला वाचता येई पण ती कोणत्याही कचेरीत पुरावा नव्हती. दुसरी त्याला वाचता येत नसे आणि तीच पुरावा होती. तीवर त्याचे म्हणून जे होते ते अंगठ्याचा ठसा एवढेच. कागद, शाई, कलम, दस्तऐवज हे सारे शब्द फारसी-अरबीतून आलेले आणि राज्यकारभाराचे. गेरू, शेण, पीठ हे घरचे. शब्दसंग्रहातच दोन पृष्ठांचे दोन मालक दिसतात.

५

या पार्श्वभूमीवर भास्कर कुलकर्णी यांच्या कार्याचे महत्त्व वेगळे दिसते. १९६६–६७ च्या दुष्काळात पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने ते मिथिलेत कागद घेऊन गेले होते. त्यानंतर काही वर्षांनी ते डहाणूच्या परिसरात आले. त्यांच्या हातून कागद मिळालेल्यांत जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) हे प्रमुख होत. जन्म तलासरी तालुक्यातील धामणगावचा आणि आयुष्य डहाणू तालुक्यातील गंजाडच्या कळंबीपाड्यात गेलेले. म्हणजे दोन्ही तालुके त्यांच्या चरित्रात एकत्र येतात. १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मधील पॅरिसचे ‘मॅजिशिआं द ला तेर’ हे प्रदर्शन आणि २०११ ची पद्मश्री हे त्यांच्या मान्यतेचे टप्पे सर्वज्ञात आहेत.

म्हसे यांनी कागद आणि कापड ही नवी पृष्ठे तशीच स्वीकारली नाहीत. कापडावर शेणाचा थर देऊन त्यांनी आधी त्याची भिंत केली आणि मग तीवर पांढरी रेषा काढली. माझ्या मते ग्रंथपरिवर्तनाच्या चर्चेत हे कृत्य आवर्जून नोंदविण्याजोगे आहे. फिलिप्स यांनी छापलेल्या पानाला रंगाने गप्प केले; म्हसे यांनी कोऱ्या पृष्ठाला शेणाने बोलके केले. पृष्ठ बदलले तसा आशयही बदलला. विवाहविधीचा चौक मागे पडला आणि मासेमारीचे जाळे, मुंग्यांचे वारूळ, शेतीची कामे, प्राणी आणि कथा पुढे आल्या. त्यांच्या जाळ्याच्या चित्रांत असंख्य बारीक रेषांनी सारे पृष्ठ व्यापलेले असते. तेथे कडेला नक्षीचा पट्टा लागत नाही. जाळेच चौक होते. विधीपासून सुटलेल्या चित्राला रचनेचे तत्त्व कोठून मिळावे, या प्रश्नाचे हे स्वतंत्र उत्तर आहे.

लाभ उघड आहे. ज्या माणसांचे कागदावर अंगठ्याखेरीज काही नव्हते, त्यांची सही कागदावर आली. पण हानीही मोजली पाहिजे. कागदावर गीत आले नाही. धवलेरीचा आवाज आणि सवाशिणीची रेषा ही एकाच संहितेची दोन अंगे होती. त्यांपैकी एक विकत घेता आले, दुसरे नाही. आणि दुसरी हानी याहून गंभीर आहे. भिंतीवर लेखनाधिकार स्त्रियांचा होता. कागदावर, प्रदर्शनांत आणि पुरस्कारांच्या याद्यांत तो बहुतांशी पुरुषांकडे गेला. सावकाराकडून सुटलेले पान घरी परतले खरे, परंतु ज्या हातांतून चौक उतरत असे त्या हातांत ते आले असे म्हणता येत नाही.

६

ग्रंथरूपाचे उदाहरण म्हणून चेन्नईच्या तारा बुक्सने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘डू!’ हे पुस्तक पाहावे. गीता वुल्फ यांच्यासमवेत रमेश हेंगाडी, शांताराम धडपे आदी वारली चित्रकारांनी ते सिद्ध केले. तपकिरी कागदावर पांढऱ्या रंगात, हाताने केलेल्या जाळीछपाईने ते छापलेले आहे. म्हणजे येथेही कागदाला प्रथम भिंतीचा वर्ण दिला आहे. पुस्तकाची योजना क्रियापदांवर उभी आहे; पाना-पानावर एकेक क्रिया आणि तिची चित्रे. पूर्वी ज्याला आपण क्रियाप्रधान व्याकरण म्हटले ते येथे ग्रंथाच्या बांधणीतच उतरले आहे. वारली चित्र छापील पुस्तकात जाते तेव्हा ते कडेच्या नक्षीत न जाता मजकुराच्या जागी जाऊ शकते, हे या पुस्तकाने दाखविले. शब्द येथे चित्राचा मथळा होतो, चित्र शब्दाची शोभा होत नाही. मात्र धवलेरीची उणीव हे पुस्तकही भरून काढीत नाही. क्रियापदे उरतात, त्यांचा स्वर उरत नाही.

७

या विवेचनावरून तीन निकष सुचतात. चित्ररोजनिशी असो वा परिवर्तित ग्रंथ, वारली आकृती वापरणाऱ्या कोणत्याही कृतीचे परीक्षण करताना पहिला प्रश्न पृष्ठाचा : खालच्या थराशी या कृतीचे काही नाते आहे, की तो निव्वळ मोकळी जागा आहे? दुसरा प्रश्न व्याकरणाचा : आकृती काही करीत आहेत, की नुसत्या उभ्या आहेत? आणि तिसरा प्रश्न लेखनाधिकाराचा : हे पान कोणाचे आणि कोणाच्या हातचे? बाजारातील बहुतेक रोजनिश्यांची मुखपृष्ठे तिन्ही प्रश्नांत अनुत्तीर्ण होतात.

२०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले. ते नावाचे रक्षण करते. एखादा चौक कोणत्या स्त्रीने काढला हे ते सांगत नाही, आणि गीताची तर त्यात सोयच नाही. ते काम विद्यापीठांचे आहे. भाषाविभागाने वारली बोली नोंदवावी आणि कलाविभागाने चित्रे जमवावीत, ही विभागणी आजवर सोयीची ठरली. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या ७ व्या खंडात (१९०५) वारली बोलीची दखल घेतली गेली तेव्हा बोलीपुरतेच पाहणे स्वाभाविक होते. आज ते पुरेसे नाही. ज्या भिंतीपुढे गीत म्हटले जाते त्या भिंतीसह ते गीत नोंदविणे, काढणाऱ्या आणि गाणाऱ्या स्त्रियांची नावे त्यांच्या संमतीने त्याच पानावर लिहिणे, आणि त्या पानाची एक प्रत त्यांच्या घरी ठेवणे, एवढा पाठ जरी आपल्या विद्यार्थ्यांनी या दोन तालुक्यांत घातला, तरी एका जुन्या वहीतील हिशेब काही अंशी पुरा होईल.