वाहन उत्पादकांचे उत्सर्जन-अहवाल : आकडा आणि पडताळणी

प्रस्तावना :
हरितगृह वायू 'हवा प्रदूषक' या संज्ञेत मोडतात, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये दिला. त्यानंतर तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने (ईपीए) ऑक्टोबर २००९ मध्ये या वायूंचे उत्सर्जन कळविणे सक्तीचे करणारा नियम जाहीर केला. प्रस्तुत लेखात त्यातील वाहन व इंजिन उत्पादकांविषयीच्या व्यवस्थेची चिकित्सा केली आहे.

नियमाचे स्वरूप :
अवजड वाहने, मोटारसायकली, रेल्वे इंजिने इत्यादींच्या उत्पादकांनी २०११ च्या मॉडेल-वर्षापासून कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनाचा दर कळवावयाचा होता. मोटारगाड्यांसाठी २०१० मध्ये स्वतंत्र मानके आली. प्रमाणीकरणाच्या चाचण्या पूर्वीपासून होत असल्याने उत्पादकांवर फारसा नवा भार पडला नाही, ही या व्यवस्थेची जमेची बाजू होय. मात्र या चाचण्या मुख्यतः उत्पादकच करीत, हीच तिची उणीवही होय.

समीक्षा :
ह्युंदाई व किया यांच्या मोटारगाड्यांचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. वाहन वेगात असताना न्यूट्रलमध्ये सोडून ते मंदावण्यास लागणाऱ्या वेळेवरून हवेचा व टायरचा रोध काढतात. तोच रोध प्रयोगशाळेतील रोलरवर लावून उत्सर्जन मोजले जाते. मूळ रोधच कमी धरला, तर पुढील मोजणी कितीही काटेकोर असली तरी आकडा चुकतो. अनेक चाचण्यांची सरासरी न घेता अनुकूल निष्कर्ष निवडले, असा ठपका या कंपन्यांवर ठेवण्यात आला. नोव्हेंबर २०१४ मधील तडजोडीत सुमारे १२ लाख वाहनांबाबत १० कोटी डॉलरचा दंड ठरला, शिवाय ४७.५ लाख टनांची उत्सर्जन-पत पाण्यात गेली. ही तफावत अहवाल वाचून नव्हे, तर ईपीएने स्वतः केलेल्या फेरचाचण्यांतून उघड झाली, हे महत्त्वाचे.

निष्कर्ष :
अहवालाची सक्ती म्हणजे सत्याची हमी नव्हे. फेरमोजणीची यंत्रणा नसेल तर अहवाल ही केवळ स्वयंघोषणा ठरते. तथापि, घोषित आकडा होता म्हणूनच तो खोडता आला. जुलै २०२५ मध्ये ईपीएने वाहनांची हरितगृह वायू मानके रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. त्यात मोजणी व अहवालाचे बंधनही काढून टाकणे अभिप्रेत होते. सदोष आकड्यावरील उपाय अधिक पडताळणी हा आहे. आकडाच नाहीसा केला, तर दोष दाखविण्याचा आधारही उरत नाही.